नावं ठेवायला जागा

माझ्या भावाला गिटार वाजवता येत नाही. हे मी आधीच सांगून टाकते, कारण लोकांना ते खरं वाटत नाही. हातानं इलेक्ट्रिक गिटार बनवणारा माणूस, लांबलांबून वाजवणारे त्याच्याकडे ऑर्डर घेऊन येतात, आणि त्याला स्वतःला एक साधी धून येऊ नये? नाही येत. दादा मुळात सुतार. दारं, कपाटं, पलंग करायचा. एकदा कुणीतरी मोडकी गिटार घेऊन आलं, हिची मान जोडून द्या म्हणालं, आणि तिथून हे वेड डोक्यात शिरलं ते शिरलंच. कपाटवाली गिऱ्हाइकं दारात खोळंबलेली आणि हा आपला एका लाकडाच्या मानेवरून हात फिरवत बसलेला. आई म्हणायची, "याचं लग्न त्या फळीशीच लावून द्या, म्हणजे आपण सुटलो."

लग्न झालं ते मात्र एका वाजवणाऱ्या बाईशी. वहिनी दिवसा टेलरच्या दुकानात कपडे बेतायची आणि संध्याकाळी एका बँडमध्ये गिटार वाजवायची. कुणीतरी दादाचं नाव सांगितलं म्हणून ती गिटार बघायला आली. दादानं आपली सगळ्यात देखणी गिटार तिच्या हातात दिली. तिनं पट्टा खांद्यावर टाकला, दोनचार सूर छेडले, पुढे वाकली, मागे वाकली, आणि म्हणाली, "दिसायला छान आहे. घालायला नाही."

"गिटार घालतात?" दादा म्हणाला.

"मग काय, कडेवर घेतात?"

माणूस अपमान करणारीच्याच प्रेमात पडू शकतो, हे मी माझ्या डोळ्यांनी पाहिलं. दादा आठवडाभर गुणगुणत होता. बेसूर.

मी दादाच्याच शेडमध्ये काम करते. पुढच्या खोलीत दादाचं लाकूडकाम, मागच्या छोट्या खोलीत मी. गिटारच्या तारांखाली पिकअप नावाची एक पट्टी असते. चुंबकाभोवती केसाहून बारीक तांब्याची तार गुंडाळलेली. वरची तार हलली की त्यातून आवाजाची वीज होते. ती तार गुंडाळणं हे माझं काम. त्यासाठी वहिनीच्या जुन्या शिलाई मशीनची मोटर काढून दादानं मला यंत्र करून दिलं होतं. जरा जास्त ताण दिला की तार तुटते आणि सगळं पहिल्यापासून. त्यामुळे मला कामाच्या वेळी कुणी बोललेलं चालत नाही. वहिनी बरोबर त्याच वेळी बोलायची.

आमचं फार सख्य होतं असं कुणी समजू नये. ती मला "वन्सं" म्हणायची, तेही असं काही लाडिक आवाजात की कानाखाली वाजवावीशी वाटायची. "वन्सं, तुमच्या पिकअपला सर्दी झालीय वाटतं." मी रागानं लाल व्हायचे आणि संध्याकाळी गुपचूप तो पिकअप उलगडून परत गुंडाळायचे. सर्दी झालेलीच असायची, हेच तर जास्त झोंबायचं.

दादाला तर तिनं भाजून काढलं. तयार झालेली प्रत्येक गिटार आधी तिच्या अंगावर चढायची. टेलरचा खडू तिच्या पर्समध्ये असायचाच. वाजवता वाजवता जिथे बोचेल, घासेल, अडेल, तिथे ती खडूनं रेघ मारायची आणि वर तोंडानं नावंही ठेवायची. पहिल्या गिटारीवर इतक्या रेघा होत्या की दादा म्हणाला, "ही गिटार आहे की परकराचं कापड?"

"परकर असता तर एव्हाना शिवून झाला असता," ती म्हणाली.

तिचा उजवा हात गिटारच्या धारदार काठावर टेकायचा आणि दंडाखाली लाल वळ उठायचा. तिनं बाही वर करून तो वळ दादाच्या नाकासमोर धरला. दादानं कानस घेऊन तो काठ उतरवला, हात आपोआप घसरून जागेवर बसेल असा. मग वजन. सोफ्यावर बसून वाजवताना ठीक, पण उभं राहिलं की खांदा मोडायचा. दादानं धडाचं लाकूड आतून कोरलं, वर पातळ फळी चिकटवली. वजन उतरलं आणि नवीनच दुखणं निघालं. केस बांधायला वहिनीनं डावा हात सोडला, तर गिटारची मान धाडकन खाली. धड हलकं, मान जड, दुसरं काय होणार? आमच्याकडे याला "मान टाकणं" म्हणतात. "अहो, हिनं मान टाकली बघा," वहिनी ओरडायची, जणू घरातलं कुणी गेलं.

त्या मान टाकण्यापायी दादाचे केस पिकले. पट्टा अडकतो ते धडाचं वरचं टोक, त्याला शिंग म्हणतात, ते तो लांब करत गेला. जितकं लांब तितका तोल बरा, आणि तितकीच गिटार कुरूप. शेवटी शिंग इतकं लांबलं की दादाला लाज वाटायला लागली. "बैल दिसतोय," तो म्हणाला. वहिनीनं ती गळ्यात घातली, दोन्ही हात सोडले, कमरेवर ठेवले. गिटार जागची हलली नाही. "बैल तर बैल," ती म्हणाली. "मला घरी नेऊन बांधायचा नाहीये."

असं एकेक झालं. मान आणि धड जुळतात तिथला कोपरा अंगठ्याला अडायचा, तो गोल केला. आवाजाचं बटण तिच्या करंगळीला लागून आपोआप फिरायचं, ते हलवलं. मानेची पाठ तिच्या तळव्यात भरेल इतकी जाड ठेवली, कारण बारीक मान धरून तिच्या हाताला पेटके यायचे. वाजवणाऱ्यांनी या गोष्टींना नावं दिली. दादाचा उतार. दादाचं शिंग. "दादानं काय डोकं चालवलंय," असं कुणी म्हणालं की वहिनी दारातून म्हणायची, "डोकं ह्यांचं, वळ माझे." पण "छान" हा शब्द काही तिच्या तोंडून बाहेर पडला नाही. फार तर फार म्हणायची, "चालेल." त्या दिवशी दादा दोन भाकऱ्या जास्त खायचा.

मग वहिनी गेली. साधा ताप म्हणून दवाखान्यात नेली, तो साधा नव्हता. एवढंच. यात सांगण्यासारखं काही नाही. डॉक्टर कॉरिडॉरमध्ये येऊन बोलले, दादानं मान हलवली आणि खाली जाऊन गाडीचा आरसा पुसायला लागला. पुसतच राहिला.

मी रडले नाही. दादाही रडला नाही. दात काढायच्या आधी इंजेक्शन दिलं की गाल आपला वाटत नाही, हात लावला तर दुसऱ्याचा गाल लागतो, तसं घर झालं. तिची चप्पल दारात होती तिथेच राहिली. आम्ही ती ओलांडून जायचो. कुणीतरी ती उचलून ठेवायला हवी असं दोघांनाही वाटत होतं आणि दोघंही ओलांडत होतो. चहा दोघांचा करायचा हे माझ्या हाताला लवकर कळलं. इतक्या लवकर कळलं याचंही मला काही वाटलं नाही.

दादा लगेच कामाला लागला. लोक भेटायला यायचे, तो रंधा थांबवायचा, ऐकून घ्यायचा, पुन्हा चालू करायचा. त्यानंतरची पहिली गिटार पूर्ण झाली तेव्हा ती टेबलावर पडून राहिली. कुणी अंगावर चढवली नाही, एकही रेघ उठली नाही. ती तशीच कोरी गिऱ्हाइकाकडे गेली. गिऱ्हाईक तरुण होतं, दादाच्या तोंडाकडे बघत होतं. म्हणालं, "वा दादा. नावं ठेवायला जागा नाही."

पुढचंही तेच म्हणालं. त्याच्या पुढचंही. मीही म्हणायचे, "छान झालीय." काय बोलणार होते?

दादा बदलायला लागला. आधी माझ्या लक्षात आलं नाही. मानेची पाठ बारीक व्हायला लागली, हातात घेतल्यावर नाजूक लागायची. बटण पुन्हा जुन्या जागी आलं, कारण तिथे ते शोभतं. मग शिंग आखूड झालं. थोडं, मग आणखी थोडं. गिटारी दिसायला अशा देखण्या व्हायला लागल्या की शेडच्या दारात येऊन लोक फोटो काढायचे. दादा रंधा मारताना पुटपुटायचा. मला वाटलं, एकटा पडलाय बिचारा, स्वतःशीच बोलतोय.

अशात उंट आला. उंट म्हणजे आमचं जुनं गिऱ्हाईक, वहिनीच्याच बँडमधला वाजवणारा. ताडमाड उंच, वाजवताना मान पुढे काढून हलवतो, म्हणून हे नाव वहिनीनंच ठेवलेलं, आणि त्यानं ते मुकाट्यानं घेतलेलं. त्याच्या डाव्या खांद्याचं ऑपरेशन झालं होतं. गिटारचा पट्टा नेमका त्याच खांद्यावर येतो आणि मानेवर बोटं चालवणारा हातही तोच. जुनी गिटार गळ्यात घातली की त्याचा हात खांद्यापासून बोटांपर्यंत मुंग्या येऊन मेल्यासारखा व्हायचा.

"दादा, मला एक नवी करून दे," तो म्हणाला. "ही शेवटची. हिनं जमलं तर वाजवीन, नाहीतर सोडून देतो. आता आणखी गिटारी बदलण्यात अर्थ नाही. चाळीस वर्षं वाजवतच आलोय, दुसरं काही येत नाही मला, पण खांद्यापुढे काय चालणार?"

दादानं त्या गिटारीवर जीव ओतला. हलकं लाकूड शोधून आणलं, आतून इतकं कोरलं की धड हातात धरलं तर वाटावं आता उडेल. मान बारीक. शिंग आखूड, टोकाला निमुळतं, सुंदर. मी त्यातला पिकअप गुंडाळला तेव्हा माझीच तार दोनदा तुटली, इतकं दडपण आलं. उंट न्यायला आला. त्यानं ती गळ्यात घातली, डावा हात मानेखाली धरून थोडंसं वाजवलं. त्याचा चेहरा जरा ओढलेला वाटला. मग त्यानं दादाकडे बघितलं.

"नावं ठेवायला जागा नाही," तो म्हणाला आणि घेऊन गेला.

नवीन पिकअप बसवला की थोड्या दिवसांनी त्याचे स्क्रू पुन्हा बघावे लागतात. लाकूड बसतं, तारांपासूनचं अंतर बदलतं. उंट काही येईना, म्हणून मीच त्याच्या घरी गेले. त्याच्या बायकोनं दार उघडलं. गिटार बघायची म्हटल्यावर ती कपाटाकडे बघायला लागली. गिटार कपाटाच्या वर होती. कव्हरमध्ये, उश्या-चादरींच्या मागे. ती ओढून काढताना धूळ तोंडावर आली.

उंट आतून आला. शर्टाची बटणं उघडी. बायको उठली आणि काही न बोलता त्याची बटणं लावायला लागली. हात वर होत नव्हता त्याचा.

"मान टाकते ती," तो म्हणाला. "हलकी आहे ग, पिसासारखी आहे. पण मान सतत उचलून धरावी लागते. याच हातानं. अर्धं गाणं झालं की संपलं. सोडलं मी."

"सोडलं म्हणजे?"

"म्हणजे सोडलं. गिटारच्या शिकवण्या घ्यायचो, त्याही दुसऱ्याकडे दिल्या."

"आणि दादाला का नाही सांगितलंस?"

"त्याचं तोंड बघितलंस का तू? वहिनी गेलेली, आणि मी जाऊन त्याच्या कामाला नावं ठेवू? कोणीच काही बोलत नाही, ताई. त्या बेस गिटारवाल्याच्या हाताला पेटके येतात. ती गाणारी मुलगी, तिनं तर बटणावर चिकटपट्टी लावलीय. पण दादासमोर कोण बोलणार? काही ठरवलेलं नाही. सगळ्यांना आपलं तसंच वाटतं."

मला आधी काहीच वाटलं नाही. मग एकदम डोकं फिरलं. कोणावर राग आला ते सांगता येणार नाही. उंटावर आला, दादावर आला, त्या धुळीवर आला. "शर्ट बदल आणि चल माझ्याबरोबर," मी म्हणाले. "ताई, असू दे ना," तो म्हणाला. मी गिटार उचलून दारात उभी राहिले, तेव्हा नाइलाजानं चप्पल घातली त्यानं.

दादा एका नवीन धडावर कानस चालवत होता. दुपारचं ऊन खिडकीतून टेबलावर पडलं होतं, त्यात लाकडाचा भुसा तरंगत होता. उंटाला बघून त्यानं कानस खाली ठेवली.

"काय रे, कशी आहे?"

"छान आहे," उंट म्हणाला.

"खोटं बोलतोय," मी म्हणाले. "घाल ती गळ्यात. घाल म्हणते ना! आता हात सोड."

"ताई..."

"हात सोड!"

त्यानं हात सोडला. मान खाली गेली ती थेट टेबलाच्या कडेवर आपटली. टक् असा आवाज आला. उंटानं घाईघाईनं ती उचलून धरली आणि त्याच्या ओठांतून कण्हण्याचा आवाज निघाला. दादानं तोही ऐकला.

"पहिल्या दिवसापासून?" दादानं विचारलं.

"हो."

"मग बोलला का नाहीस?"

मग मीच सांगितलं. बेसवाल्याचे पेटके, गाणारीची चिकटपट्टी, सगळं. सांगताना माझा आवाज चढत होता आणि दादाचा चेहरा मात्र तसाच होता, काही लिहिलेलं नसलेल्या पाटीसारखा.

"तुला दिसत होतं?" त्यानं मला विचारलं. "शिंग आखूड होतंय ते?"

"दिसत होतं."

"मग?"

"छान म्हणाले."

दादा स्टुलावर बसला. उंटाच्या गळ्यातली गिटार त्यानं वरपासून खालपर्यंत पाहिली. मग कामाचं बोलावं तसं बोलला. "धड नवीन करावं लागेल. मानही. शिंग लांब घेतो, होतं तेवढं. तुझ्या खांद्याला थोडं जास्तच. दिसायला वाईट दिसेल."

"दिसू दे," उंट म्हणाला.

"वाजवशील ना मग?"

"जमलं तर वाजवीन."

दादानं मान डोलावली. मला वाटलं, झालं, मिटलं. मी माझ्या खोलीकडे वळले होते.

"ती गेल्यापासून एक तक्रार नाही आली," दादा म्हणाला. कुणाशी बोलतोय ते कळेना. "एकसुद्धा नाही. जो येतो तो म्हणतो, नावं ठेवायला जागा नाही. मला वाटलं, माझं काम पहिल्यापासून चांगलंच होतं. हिलाच खोड होती. इतकी वर्षं मला उगीच छळलं हिनं."

त्यानं टेबलावरची कानस उचलली आणि परत ठेवली.

"रोज भांडायचो मी तिच्याशी. इथे, काम करता करता. म्हणायचो, बघ, मान बारीक केली, बोललं कुणी काही? बघ, शिंग कापलं, बोललं कुणी? तिचं एकेक काढून टाकलं मी. आणि दर वेळी मीच जिंकायचो." त्यानं हाताला लागलेला भुसा मांडीवर पुसला. "रडू येत नव्हतं ते त्यामुळे. तुम्हाला वाटलं असेल दुःखानं दगड झालाय. मला राग होता तिचा. मेलेल्या बायकोचा राग वर्षभर धरून बसलो होतो मी. आता कुठे जाऊन सांगू तिला?"

आणि मग तो रडला. तोंड झाकलं नाही, आवाज दाबला नाही, एवढा मोठा माणूस स्टुलावर बसून हमसाहमशी रडला. आम्ही सगळ्यांनी मिळून चांगुलपणानं त्याच्या बायकोला खोटं पाडलं होतं. त्या क्षणी मला वहिनी हवी होती. दुसरं काही नाही, दारात उभी राहून तोंड वाकडं करणारी वहिनी हवी होती, इतकी की छातीत दुखलं. वर्षात पहिल्यांदा कुठेतरी दुखलं.

मी दादाच्या जवळ गेले नाही. उंटाच्या गळ्यात अजून ती गिटार होती, आणि मान उचलून धरलेला त्याचा हात थरथरायला लागला होता, पण अशा वेळी पट्टा काढायचा कसा हे त्याला समजत नव्हतं. मी पुढे झाले आणि खालून गिटारची मान धरली.